मांजर-कुत्र्याची नसबंदी केव्हा करावी?

विहारात आरोग्याचा विषय निघाला की काही उपासिका आम्हाला हळूच विचारतात, "मांजरीचं ऑपरेशन केलं तर पहिलं शील मोडतं का हो?" प्रश्न चांगला आहे. पण वस्तीत आपण काय पाहतो? डोळे न उघडलेली पिल्ले पोत्यात घालून नाल्याकाठी सोडली जातात. जालन्याच्या उन्हात ती किती तास जगणार? आमच्या मते शील तिथे मोडते. ऑपरेशनमध्ये भूल देतात, जीव घेत नाहीत.

मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. कुत्री बहुधा सहा महिन्यांनंतर माजावर येते. "एकदा तरी विऊ द्यावी" हा समज चुकीचा आहे. उलट पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर कुत्रीला स्तनाच्या गाठीचा धोका फार कमी राहतो. नसबंदी नसलेल्या कुत्रीच्या गर्भपिशवीत माजानंतर महिना-दोन महिन्यांत पू होऊ शकतो. ती सारखे पाणी पिते, खाणे सोडते, पोट फुगते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

नराचे खच्चीकरण आपल्याला बैलामुळे ठाऊकच आहे. बोका किंवा कुत्रा मग कमी भटकतो, कमी भांडतो.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पाळीव जनावराची नसबंदी, लस आणि जंताचे औषध ही मालकाची जबाबदारी आहे. अंबड, परतूर, भोकरदन, कुठेही राहत असाल तरी आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल तर कुठे जायचे ते डॉक्टरांनाच विचारून घ्या.

ऑपरेशनआधी डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी ठेवा. नंतर दहा-बारा दिवस टाके चाटू देऊ नका, अंघोळ घालू नका. हळद, राख काही लावायचे नाही. पत्र्याचे घर दुपारी तापते, तेव्हा सावलीत कोरड्या चादरीवर ठेवा. आणि दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

नसबंदीने रेबीज टळत नाही, त्याची लस वेगळी घ्यावी लागते. कुत्रे किंवा मांजर चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, चुना-चटणी भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.