येझदीचे पार्ट आणि कोकणातला पावसाळा

येझदी मोटारसायकली बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हापासून बाबा दिसेल तिथून पार्ट घेऊन ठेवायचे. एक कोरा क्रँक, दोन सिलिंडर, रिंगांचे काही सेट, पिशवीभर ऑइल सील. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे सगळं जपताना जे शिकलो, ते लिहून ठेवतो.

१. वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नये. एक कोरा सिलिंडर मी तसा गुंडाळून माळ्यावर टाकला होता. तीन पावसाळ्यांनी काढला, तर कागद जिथे चिकटला होता नेमका तिथेच बोअरमध्ये तांबूस पट्टा. बाबांनी आतून अंगठा फिरवला आणि काही न बोलता सिलिंडर खाली ठेवला. कागद हवेतलं पाणी शोषतो आणि लोखंडाला लावून धरतो; त्यात आम्लही असतं. रीबोअर करून सिलिंडर वाचला, पण स्टँडर्ड साइझ कायमची गेली. आता मी गंजरोधक कागद वापरतो. त्यातून निघणारी वाफ धातूवर पातळ थर धरते.

२. रॉकेलने धुतलेला पार्ट तसाच ठेवू नये. रॉकेल उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं. कोरडं पुसून, उन्हात तापवून, कोमट असतानाच तेल लावावं. तेल नवंच हवं. इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलात आम्लं असतात, ती मुरली की पॉलिश केलेला भाग खातात.

३. हातमोजे घालावेत. घामात मीठ असतं. एका बेअरिंगच्या कडेवर माझ्या बोटाचा ठसा गंजून उमटला होता, रेघान् रेघ.

४. बांधाबांध जानेवारीत करावी. यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. जुलैत पिशवी सील केली, तर आपण पावसाळाच आत कोंडतो. सोबत सिलिका जेल ठेवावं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. त्यासाठी कढई मात्र वेगळी ठेवा, कारण त्या निळ्या रंगातलं कोबाल्ट विषारी असतं.

५. रिंगा आणि सील खिळ्याला टांगू नयेत, आकार बिघडतो. सपाट डब्यात ठेवावेत. सीलला ऊन लागू देऊ नये.

६. क्रँकच्या मोठ्या टोकाच्या रोलरमध्ये भरपूर तेल सोडावं आणि वर्षातून एकदा कनेक्टिंग रॉड हाताने फिरवावा. क्रँकच्या टोकाच्या आट्यांवर भार येऊ देऊ नये. मी लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवतो, मध्ये प्लास्टिकचा जाड कागद.

७. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी हवी: काय आहे, कोणती साइझ, कधी बांधलं. दुरून वाचता आली, तर पिशवी उगाच उघडावी लागत नाही. क्रँकवरची चिठ्ठी बाबांच्या अक्षरातली आहे. दर जानेवारीत पिशवी नवी येते, चिठ्ठी तीच आत जाते.