परदेशी जाणारी नर्स आणि मधला एजंट

आरोग्याच्या सदरात एजंटांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु नर्सिंग शिकलेली मुलगी आता जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात आखात, इंग्लंड किंवा जर्मनी घोळत असते. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की त्या वाटेवर मध्ये जो उभा असतो त्याच्याशी व्यवहार कसा करावा.

परवा एका तालुक्याच्या गावाहून एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. जीएनएम झालेली, खासगी रुग्णालयात दोन वर्षे काम केलेली. शहरातल्या एका एजंटाने तिला ‘लंडनला स्टाफ नर्स’ म्हणून पाठवतो असे सांगितले होते. एकूण साडेचार लाख रुपये. पैकी पन्नास हजार रोख देऊन झाले होते, पावती नाही. दहावीच्या मार्कशीटपासून नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीपर्यंत सारी मूळ कागदपत्रे एजंटाच्या कपाटात. उरलेल्या चार लाखांसाठी वडील दीड एकर रान विकायच्या विचारात होते. मी फक्त नोकरीचे पत्र पाहायला मागितले. पत्रावर हुद्दा होता ‘केअर असिस्टंट’.

केअर असिस्टंट म्हणजे वृद्धांना अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे. काम कष्टाचे आणि मानाचेही आहे, पण ते नर्सचे नव्हे. शिवाय ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद केली आहे. म्हणजे ज्या कागदासाठी जमीन जायची होती त्या कागदावर व्हिसा मिळणारच नव्हता!

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचे तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण हवेत. किंवा त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षा. मग संगणकावरची लेखी परीक्षा, ती भारतात देता येते. शेवटी तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक. “परीक्षेचे आम्ही बघून घेतो” असे जो म्हणतो, त्याच्याकडून चहासुद्धा पिऊ नये.

आता मूळ मुद्दा. एजन्सीचे पोट कोणाच्या पैशावर भरते?

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ नावाचा प्रकार आहे. एखाद्या रुग्णालयात नर्स कमी पडल्या की ते एजन्सीला कळवते, एजन्सी दुसऱ्या गावची नर्स साधारणपणे तेरा आठवड्यांच्या करारावर पाठवते. रुग्णालय एजन्सीला तासाचा ठराविक दर देते. त्यातून नर्सचा पगार, बऱ्याचदा राहण्याचा भत्ता आणि एजन्सीचा नफा निघतो. नर्स एजन्सीला एक पैसा देत नाही. ज्याला माणूस हवा आहे तो दलाली देतो, हा तिथला रिवाज. ब्रिटनमध्ये तर काम शोधणाऱ्याकडून काम मिळवून देण्याबद्दल पैसे घेण्यास एजन्सींना १९७३ च्या कायद्यानेच मनाई आहे. तिथली आरोग्यसेवा परदेशी नर्स घेते तेव्हा एजन्सीचा खर्च नोकरी देणारा उचलतो. मग आपल्या मुलीकडून साडेचार लाख कशाचे, हा प्रश्न एजंटाला सरळ विचारावा. भाषेचा वर्ग, परीक्षांचे शुल्क, पासपोर्ट हे खर्च खरे आहेत आणि काही वेळा ते आपल्यालाच करावे लागतात. पण ते ज्याचे त्याला, वेगवेगळ्या पावतीवर द्यावेत. सगळे मिळून ‘पॅकेज’ म्हटले की समजावे, यात कुठेतरी पाणी मुरते आहे.

आपल्याकडेही कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. कायदेशीर एजंटसुद्धा जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. “मी मुंबईच्या मोठ्या एजन्सीचा माणूस” म्हणून गावोगाव फिरणाऱ्यांना या कायद्यात जागा नाही. आखातासह अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देश सोडण्याची सरकारी मंजुरी, सक्तीची आहे. ही मंजुरी चुकवण्यासाठी काही एजंट मुलींना भेटीच्या व्हिसावर पाठवतात आणि “तिकडे गेल्यावर बदलून घेऊ” म्हणतात. अशा व्हिसावर गेलेल्या मुलीच्या मागे ना करार असतो, ना कायदा.

ही सक्ती उगीच आली नाही. कुवेतच्या भरतीत १९,५०० रुपये शुल्क असताना नर्सकडून साडेएकोणीस लाख घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने २०१५ मध्ये कोचीत गुन्हा नोंदवला. त्याच्या आदल्या वर्षी इराकमधील तिक्रित शहरात लढाईत अडकलेल्या ४६ भारतीय नर्स ५ जुलै २०१४ ला सुखरूप परतल्या, हे वाचकांना आठवत असेल. त्यांच्यातल्या अनेकींचे पगार थकलेले होते आणि घरी एजंटासाठी काढलेली कर्जे होती. गोळीबार ऐकू येत असतानाही काही जणींना पहिली चिंता परत जाऊन कर्ज कसे फेडायचे याची होती.

कर्जाचे हे ओझे रोग्यापर्यंत पोहोचते, म्हणून हा विषय या सदरात घेतला. कर्जबाजारी नर्स जादा पाळीला नाही म्हणू शकत नाही. सोळा तास उभी राहिलेली मुलगी इन्सुलिनचा डोस भरताना आकडा चुकू शकते. चूक झाली तर ती सांगायला घाबरते, कारण नोकरी गेली तर गावाकडचे रान जाते. इतकी वर्षे मुलींना नर्सिंग शिकवताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले, की चूक झाली तर ताबडतोब सिस्टर-इन-चार्जला सांगा. डोक्यावर कर्ज असलेल्या मुलीला ती ऐकणे फार जड जाते.

करार वाचताना पगाराच्या आधी शेवटची पाने वाचावीत. ‘मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास इतकी रक्कम भरावी लागेल’ हे कलम तिथेच असते. विमानभाडे आणि परीक्षेचा प्रत्यक्ष खर्च परत मागणे समजू शकते. पण रकमेचा तपशील हवा आणि जितके महिने काम केले तितकी ती कमी होत गेली पाहिजे. न्यूयॉर्कमधील काही नर्सिंग होमनी फिलिपिन्सच्या नर्सच्या करारात असा दंड २५,००० डॉलरपर्यंत लावला होता. तो खर्चाची भरपाई नसून मुलींना बांधून ठेवण्याचा दंड आहे, असे म्हणून तिथल्या फेडरल न्यायालयाने २०१९ मध्ये तो बेकायदेशीर ठरवला. तेवढे भांडायला त्या मुलींना किती झळ बसली असेल, कल्पना करा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. एजंटाला झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवून परत आणावेत. पासपोर्ट तारण म्हणून कोणीही ठेवून घेऊ शकत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, हे आधी पाहावे. लग्नानंतर बदललेल्या नावामुळे महिनोन्महिने अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. आखातातील देश वैद्यकीय तपासणीत हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, एचआयव्ही असणाऱ्यांना अपात्र ठरवतात. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी अडचण येते. नर्सचे काम सुयांचे आणि खोकणाऱ्या रोग्यांचे. तेव्हा कोणालाही पैसे देण्यापूर्वी रक्ततपासणी आणि एक्स-रे आपल्या गावीच करून घ्यावा. हिपॅटायटीस बीची लस तीन डोसांची आहे. ती घेतली नसेल तर परदेशी जा वा न जा, घ्यावी.

त्या मुलीचे पुढे काय झाले? वडील, मी आणि ओळखीचे एक वकील असे तिघे एजंटाकडे गेलो. नोंदणी क्रमांक विचारताच त्याने कपाट उघडले. मूळ कागदपत्रे मिळाली, वीस हजार परत मिळाले, तीस हजारांसाठी पोलिसांत अर्ज दिला आहे. परदेशी भरतीच्या तक्रारींसाठी मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हे केंद्र सरकारचे कार्यालय आहे, तिथेही कळवले आहे. मुलगी आता रात्रपाळी करून सकाळी ओईटीचा अभ्यास करते. रान विकलेले नाही. त्यात यंदा सोयाबीन आहे.