भूक हीच प्रार्थनेची घंटा
(प्रायश्चित्तकाळासाठी एक पाठ)



राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण उपवासकाळात प्रवेश करतो. कोणी मटण-मासे सोडतो, कोणी चहा, कोणी मोबाईलवरचे व्हिडिओ. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग शिफ्ट बदलते. सकाळी सहाला करायचे ठरवलेल्या प्रार्थनेच्या वेळी आपण एक तर कंपनीच्या बसमध्ये असतो किंवा रात्रपाळी संपवून घरी येत असतो. प्रार्थना सुटते आणि उपवास तेवढा उरतो. असा उपवास म्हणजे नुसते उपाशी राहणे. त्यातून चिडचिड होते आणि ती घरच्यांवर निघते.

शास्त्र काय सांगते?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी ओळीने शिकवतो. प्रभूने शिकवलेली प्रार्थना तेथे दान आणि उपवास यांच्या मधोमध येते. प्रार्थना मधून काढली तर उरलेल्या दोन्ही गोष्टी सहज दिखाऊ बनतात.

आपल्या औद्योगिक पट्ट्याने यशया संदेष्ट्याचा 58 वा अध्याय अवश्य वाचावा. उपवासाच्या दिवशीही आपल्या मजुरांना पिळून काढणाऱ्यांना संदेष्टा तेथे खडसावतो. आपल्यापैकी कोणी ठेकेदार असेल, कोणी सुपरवायझर असेल. कंत्राटी कामगाराची मजुरी अडवून ठेवून केलेला उपवास देवाला नको आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची रीत

‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचे एक अतिप्राचीन ख्रिस्ती लिखाण आहे. ते 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे हस्तलिखित स्वरूपात पुन्हा सापडले. त्याच्या आठव्या प्रकरणात दोन सूचना एकापाठोपाठ येतात: बुधवारी व शुक्रवारी उपवास करा आणि प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. पुढे ख्रिस्तसभेत सकाळ, दुपार व संध्याकाळच्या घंटेची रीत रुजली. आपल्यापैकी पुष्कळ जण अहिल्यानगर, जालना, वसई अशा भागांतून येथे आलो. गावी देवळाची घंटा ऐकली की हातातले काम थांबे. भोसरी, तळवडे, चाकणच्या शेडमध्ये ती घंटा ऐकू येत नाही. पण उपवासात पोटात भूक तर लागतेच! तीच आपली घंटा समजू या.

सवय कशी लावावी?

1. घड्याळाला नव्हे, कामाला बांधा. शिफ्ट कोणतीही असो, तीन गोष्टी रोज घडतात: घरातून निघणे, जेवणाची सुट्टी आणि झोपणे. या तीन वेळी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. प्रत्येक वेळी एक मिनिटही लागत नाही. घरातील माता पहाटे डबा भरतात. झाकण लावताना त्या डब्यावर क्रूसाची खूण करून तीच प्रार्थना म्हणावी.

2. भूक लागली की एकच वाक्य मनात म्हणा: “प्रभू, मला तुझी भूक लागू दे.” मशीनवर किंवा गाडी चालवताना डोळे मिटू नका, लक्ष कामावरच ठेवा. एका वाक्याला थांबावे लागत नाही.

3. वाचलेले पैसे वेगळे ठेवा. सोडलेल्या चहा-वड्याचे पैसे त्याच दिवशी डब्यात टाका आणि ज्याच्यासाठी ते देणार, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

4. सुटले तर खंत करत बसू नका. राहिलेल्या प्रार्थनांचा हिशेब चुकता करायचा नाही. पुढच्या वेळेपासून पुन्हा सुरू करायचे.

नियमाबद्दल थोडेसे

राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे बंधनकारक दिवस आहेत. 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत हा नियम लागू आहे. त्या दिवशी एकदा पूर्ण जेवण आणि हवे असल्यास दोनदा थोडेसे खाणे घेता येते. मांसवर्जनाचा नियम 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून लागतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यात दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. रात्रपाळीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. आजारी, मधुमेही, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी उपवासाचा हट्ट धरू नये. प्रेस मशीनवर किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांना चक्कर येण्याची भीती असेल, तर त्यांनी आपल्या फादरांशी बोलून दुसरे प्रायश्चित्त निवडावे. तीन वेळची प्रार्थना मात्र प्रत्येकाला करता येते.

कुटुंबात बोलू या

– आपल्या घरी सर्व जण एकत्र असतात अशी आठवड्यातली वेळ कोणती? त्या वेळी एकत्र प्रार्थना करता येईल का?
– आपल्या उपवासाचा त्रास घरातल्या कोणाला होतो का?
– आपल्या हाताखालच्या माणसाचे काही देणे राहिले आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, अरण्यात तू भूक सोसलीस आणि पित्याशी बोलत राहिलास. आमच्या पाळ्या बदलतात, तुझी प्रीती बदलत नाही. आमची भूक आम्हाला तुझ्याकडे आणि उपाशी बांधवाकडे घेऊन जावो. आमेन.