ओल्या फळीचा स्पीकर

वखारवाला ‘लाकूड सुकलेलं आहे’ म्हणाला, की त्याच्या तोंडाकडे बघू नका. फळीचा तुकडा काट्यावर ठेवा.

स्पीकरच्या बॉक्ससाठी फळ्या घ्यायला गेलो, तेव्हा मला तो म्हणाला होता, “डोळे झाकून न्या सर, दोन पावसाळे बघितलेला साग आहे.” बघितले असतील, छपराबाहेर पडून! जव्हारचा जुलै म्हणजे पापड, काडेपेटी, कपाटातले कपडे सगळंच दमट. म्हणून तर मी खोदून खोदून विचारलं होतं.

बॉक्सच्या आतलं काम अवघड नाही, लोक उगाच घाबरतात. ब्लूटूथवाला ॲम्प्लिफायर बोर्ड, चार इंची चार ओहमचे दोन स्पीकर, एकापुढे एक जोडलेले तीन १८६५० लिथियम सेल आणि त्यांना बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारा छोटा बोर्ड. बीएमएस नसेल तर सेल जोडूच नका, आगीशी खेळ आहे तो. चार्जर १२.६ व्होल्टचा, लिथियम सेलसाठीचाच घ्या. घरातला जुना बारा व्होल्टचा अडॅप्टर खुपसू नका. सेलवर ९९०० एमएएच छापलं असेल तर तो दुकानातच ठेवून या. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये त्याच्या निम्मंही मावत नाही.

बॉक्स झाला, वाजला, पावसाळाभर झकास वाजला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ‘फुर्र’ असा आवाज यायला लागला. घरच्यांसकट सगळ्यांनी माझ्या सोल्डरिंगला नावं ठेवली. ऐकून घेतलं. मग एका रात्री उदबत्ती पेटवली, ढोलनाचाचं रेकॉर्डिंग लावलं आणि उदबत्ती सांध्यासांध्यावरून हळूहळू फिरवली. वर काही नाही, मागे काही नाही. उजव्या बाजूला खालच्या सांध्याशी धूर ठोक्यासरशी बाहेर फेकला जायचा आणि पुन्हा आत ओढला जायचा. विजेरी धरली तर पोस्टकार्ड सरकेल एवढी फट! सोल्डरिंग ठणठणीत होतं, हे त्या रात्री सगळ्यांना उठवून दाखवलं.

ओलं लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ तेवढंच राहतं, आकसतं ते रुंदीत. बंद बॉक्समधली हवा मग तिथून पळते आणि खर्जाचा जीव जातो. साग तर इतर लाकडांच्या मानानं कमी आकसतो. मग हा होता तरी साग का?

बॉक्स घेऊन वखारीत गेलो. त्यानं हात लावायचेही कष्ट घेतले नाहीत. मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, “सरस कमी लावलात. आणि आवाज मोठा ठेवता तुम्ही.” बिल तर आधीच दिलं नव्हतं, “गावातल्या माणसाला बिल कशाला?” म्हणे. गावातल्या माणसालाच ते लागतं, कारण त्याला पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागतं.

तेव्हा फळीच्या मधून हातभर तुकडा मागा. टोकाचा नको, टोकं लवकर सुकतात. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा, घरात कोरड्या जागी आठवडाभर ठेवा, पुन्हा करा. वजन उतरत असेल तर ती फळी ओली. तुकडा द्यायला कुरकुरला तर उठून या. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात लाकूड घेऊच नका, होळीनंतर बघा. लाकडाऐवजी एमडीएफ बोर्ड स्वस्त पडतो, पण आपल्याकडच्या ओलीत फुगतो. घाई करू नका, वस्तू पारखून घ्या, हे काय सगळेच सांगतात. मीही पारखायलाच निघालो होतो.

शेवटी नाशिकहून आयएस ७१० शिक्क्याचा १८ मिलिमीटर मरीन प्लाय आणला आणि नवा बॉक्स ठोकला. त्यातून धूर कुठूनही हलत नाही. फळ्यांचे पैसे वखारवाल्यानं अजून परत केलेले नाहीत.