फळमाशीला गाठा मातीतच

मे संपत आला, हापूसची शेवटची तोडणी उरकली, की बागायतदार हिशेबाला आणि पावसाळ्याच्या तयारीला लागतो. कलमाखाली पडलेल्या फळांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्यातले एखादे मऊ पडलेले फळ फोडून पाहावे. गरात पांढुरक्या, बिनपायाच्या अळ्या वळवळत असतात, आणि पूर्ण वाढलेली अळी बाहेर काढली तर अंगाची कमान करून टुणकन उडी मारते. फळातून सुटून मातीत शिरण्याची ही तिची घाई.

फळमाशीची मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, गर पोखरतात आणि मग मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात शिरून कोषात जातात. साधारण आठ-दहा दिवसांनी नवी माशी वर येते. अळी फळात असेपर्यंत कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा उपयोगी खराच, पण त्यातल्या मिथाइल युजेनॉलला भुलतो तो फक्त नर. राहता राहिला मातीतला मुक्काम, आणि तिथे मेटारायझियम ही मित्रबुरशी कामाला येते.

हुमणीमुळे हे नाव ऊस आणि भुईमूग उत्पादकांना नवे नाही. मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ओडेसात गव्हावरील भुंगेऱ्याविरुद्ध हीच बुरशी वापरून पाहिली होती. तिचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, ओलाव्यात रुजतात, कातडी भेदून आत शिरतात आणि शरीरभर वाढतात. काही दिवसांत कीड मरते. पुरेशी ओल असेल तर मेलेल्या किडीवर आधी पांढरी बुरशी आणि मग हिरवी भुकटी दिसते.

फळमाशीवर या बुरशीचे मोठे काम झाले ते केनियात. आंब्यावरची आपलीच फळमाशी तिथे २००३ मध्ये आढळली आणि आफ्रिकेत झपाट्याने पसरली. नैरोबीच्या ‘इसिपे’ संस्थेने मेटारायझियमचा ‘इसिपे ६९’ हा वाण निवडला. पुढे तो ‘कॅम्पेन’ या नावाने बाजारातही आला. मात्र तिथेही एकट्या बुरशीवर भिस्त नाही. प्रथिनयुक्त आमिष, नरांचे सापळे आणि बागेची स्वच्छता यांच्या जोडीनेच ती वापरतात. कारणही उघड आहे: कोषाचे कवच टणक असते, त्यामुळे बुरशीचा मारा जास्त बसतो तो मातीत शिरणाऱ्या अळीवर आणि कोषातून वर येणाऱ्या माशीवर. म्हणजे अळी उतरण्याआधी बुरशी मातीत हवी.

इथेच आपल्याकडे गफलत होते. भर मे महिन्यात, तापलेल्या कोरड्या जमिनीवर दुपारी भुकटी भुरभुरली तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा. ऊन आणि कोरडेपणा बीजाणूंना मारक. वळवाची सर पडून गेल्यावर किंवा हलके पाणी देऊन, संध्याकाळी, कलमाच्या सावलीच्या घेरात ती टाकावी. चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून टाकलेली बरी. वरच्या मातीत हलकेच मिसळून पालापाचोळ्याने झाकावे. कातळावरच्या बागांत माती जेमतेम आणि लवकर सुकणारी, तिथे आच्छादनाला पर्याय नाही. त्याच सुमारास आळ्यात बुरशीनाशक ओतू नये. पाकिटावरची मुदत, बीजाणूंची संख्या, मात्रा आणि शिफारस केलेली कीड व पीक हे सारे वाचूनच खरेदी करावी. उन्हात ठेवलेले पाकीट स्वस्तात मिळाले तरी नको.

गळलेली फळे उचलल्याशिवाय मात्र यातले काहीच पुरे पडत नाही. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे माश्यांना आयते घर देणे. दोन-तीन फूट खोल पुरावीत किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. फळमाशी किती महागात पडते पाहा: युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीसारख्या किडी सापडल्यामुळेच. आंब्यापुरती ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. कारले आणि पडवळही त्या बंदीच्या यादीत होते.

वेलभाज्यांवरची फळमाशी वेगळी, तिच्या नरांसाठी सापळ्यात क्यू-ल्युअर हे आमिष लागते. पण तीही कोषात जाते मातीतच. जूनमध्ये लावलेल्या कारली-दोडक्याला फळे धरू लागताच मांडवाखालच्या मातीत बुरशी देता येते. पावसाळी ओल तिच्या पथ्यावरच पडते, फक्त पाणी साचू देऊ नये.

आणलेली बुरशी कामाची आहे का, हे घरीच पाहता येते. दोन डब्यांत ओलसर माती भरावी, एकात बुरशी मिसळावी, दोन्हींवर किडलेली सारखीच फळे ठेवून बारीक कापडाने तोंड बांधावे. डबे सावलीत ठेवावेत, माती सुकू देऊ नये. दोन-अडीच आठवडे निघालेल्या माश्या मोजाव्यात आणि त्या किती दिवस जगतात तेही पाहावे. दोन्ही डब्यांत काहीच फरक नसेल, तर ते पाकीट घेऊन आधी कृषी विज्ञान केंद्र गाठावे आणि मगच बागेसाठी पुढची खरेदी करावी.