जुलाब थांबवायची घाई नको, पाणी भरून काढ

अगं, सकाळपासून बाळाला चार-पाच वेळा पातळ शी झाली म्हणून तुझा जीव घाबराघुबरा झालाय, ते कळतंय मला. आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. जुलाबात बाळाला खरा धोका असतो तो अंगातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. शी कशी बंद होईल याच्या मागे लागू नकोस. गेलेलं पाणी भरून काढ.

आजी म्हणतील, दात येताहेत, व्हायचेच जुलाब. त्यांचं मन मोडू नकोस, पण दातांवर भिस्तही ठेवू नकोस. या वयात बाळ रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि जंतू पोटात जातात. लहान मुलांत बरेचदा रोटासारखे विषाणू असतात. कधी ई. कोलाय, शिगेला असे जीवाणू, तर कधी जिआर्डिया हा परजीवी. पावसाळ्यात गटाराचं पाणी फुटक्या पाइपातून नळात शिरतं, तेव्हा कॉलराचीही भीती असते.

डॉक्टरांनी शीची तपासणी सांगितली नाही, तर त्यांनी टाळाटाळ केली असं समजू नकोस. साध्या जुलाबाला तिची गरज नसते. शीत रक्त पडलं, जुलाब चौदा दिवसांच्या वर लांबले किंवा कॉलराची शंका आली, की तपासणी लागते. एरवी ते बाळाचे डोळे, तोंड बघतात आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली नाही, म्हणजे पाणी बरंच कमी झालंय.

आता उपाय. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, एक लिटरचं पाकीट आण. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट एकदम घाल. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नकोस, प्रमाण बिघडतं. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा चमचा-चमचा दे. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाक. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे; जास्त साखरेने जुलाब वाढतात.

या साध्या पाण्याची ताकद कमी समजू नकोस. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा घातलेलं पाणी रुग्णांना पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. आतडं आजारी असलं तरी ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आणि पाणी आत घेतं, म्हणून हे साधतं.

जोडीला झिंक. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं आहे, म्हणजे रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नकोस. पुढचं दुखणंही त्याने टळतं. अंगावरचं दूध चालू ठेव, मऊ भात-वरण, खिमटी दे. उपाशी ठेवू नकोस. शी बंद करायच्या गोळ्या लहान मुलाला कधीच नाहीत. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटलीही काढू नकोस. विषाणूवर ती चालत नाही. रक्ती आव असेल तर डॉक्टर ठरवतील.

आणि हे नीट ऐक. बाळ मलूल पडलं, चमच्यानेही पीत नसेल, सारखी उलटी होत असेल, सहा तास लघवी झाली नाही, टाळू किंवा डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, शीत रक्त दिसलं, तर घरात थांबू नकोस. रात्र असली तरी दवाखान्यात घेऊन जा, आणि वाटेतही पाजत राहा.

बाळ सावरलं की लसीचं कार्ड काढून बघ. रोटाचे थेंब सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एखादा राहिला असेल तर आशाताईंना विचार, पिण्याचं पाणी शुद्ध करायला मेडिक्लोरही त्यांच्याकडेच माग. बाळाची शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धू. घरातल्या सगळ्यांना ती सवय लाव. आणि ओआरएसची दोन पाकिटं कायम घरात असू देत.