भगिनींच्या शरीरातील संप्रेरकांचा समतोल : लक्षणे कशी ओळखावीत?

समाजाच्या प्रगतीचा विचार करताना आपण शिक्षण, नोकरी, घर, जमीन यांची चर्चा करतो. घरातील स्त्रीचे आरोग्य हा विषय मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड राहतो. थकवा आला तर 'अशक्तपणा', अंग सुजले तर 'वात', पाळी चुकली तर 'उष्णता' आणि चिडचिड वाढली तर 'स्वभावच तसा', अशी नावे देऊन आपण मोकळे होतो. यांपैकी काही तक्रारींच्या मागे शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, बिघडलेला समतोल असतो. तो वेळीच ओळखला तर बहुतेक वेळा औषधांनी व राहणीतील बदलाने ताब्यात ठेवता येतो. ओळखला नाही तर पैसा, शक्ती आणि कधी कधी शरीराचा एखादा अवयवही विनाकारण गमवावा लागतो.

आम्ही वैद्यक शाखेचे नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लेखनिकाचे काम करणारे आहोत. तेव्हा रोगाचे निदान सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. खूण ओळखावी आणि योग्य ठिकाणी वेळेवर जावे, एवढ्यासाठी हा अभ्यास सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

संप्रेरक म्हणजे काय?

इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हार्मोन' हा शब्द रूढ केला. शरीरातील काही ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडतात. हा स्राव रक्ताबरोबर फिरतो आणि दूरच्या अवयवाला निरोप देतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, गळ्यातील अवटू म्हणजे थायरॉईड, मूत्रपिंडावरील अधिवृक्क, पोटातील स्वादुपिंड आणि स्त्रियांचे दोन बीजकोश या त्यांतील प्रमुख ग्रंथी होत. स्रावाचे प्रमाण अगदी अल्प असते, परंतु ते थोडे कमी-जास्त झाले तरी साऱ्या शरीराचा हिशेब चुकतो.

मासिक पाळी हे या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण आहे. पीयूषिकेच्या निरोपाने बीजकोशात एक बीज वाढू लागते. त्या वेळी इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर जाड करते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होते व ते अस्तर स्थिर ठेवते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरते आणि सुमारे दोन आठवड्यांत अस्तर गळून पाळी येते. आता समजा, बीज बाहेर पडलेच नाही. मग प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर नुसते वाढत राहते, पाळी लांबते आणि शेवटी आली की खूप व बरेच दिवस जाते. पुढील बऱ्याच लक्षणांचा उलगडा या एका गोष्टीने होतो.

पाळीच्या नोंदीतून दिसणारी लक्षणे

प्रौढ स्त्रीची पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने येते व आठ दिवसांच्या आत थांबते. दरमहा एक-दोन दिवस मागे-पुढे होणे हा आजार नव्हे. मुलीला पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते, कारण बीज दर महिन्याला तयार होण्याची घडी अजून बसलेली नसते. मात्र पुढील गोष्टी आढळल्यास तपासणी करावी :

(१) मुलीचे वय १५ झाले तरी पाळी सुरूच झाली नाही.
(२) पाळी सतत ३५ दिवसांपेक्षा लांबते, वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येते किंवा एकदम तीन महिने येतच नाही.
(३) २१ दिवसांच्या आत पुन्हा येते, आठ दिवसांपेक्षा जास्त जाते, किंवा तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागतो व गाठी पडतात.
(४) दोन पाळ्यांच्या मधे अथवा संबंधानंतर रक्त दिसते.

विवाहित स्त्रीची पाळी चुकली तर सर्वप्रथम गर्भ राहिला आहे का, हे पाहावे. ते न पाहता 'पाळी आणण्याची' गोळी घेणे धोक्याचे आहे.

चेहरा, त्वचा व वजन यांवरील लक्षणे

पाळी लांबते, हनुवटीवर, ओठांवर किंवा पोटावर राठ केस येतात, तारुण्यपीटिका जात नाहीत, डोक्याचे केस विरळ होतात, कमरेभोवती वजन वाढते आणि मानेची त्वचा काळी व मखमली दिसते, ही लक्षणे एकत्र असतील तर 'पीसीओएस' या विकाराचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. यात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते व बीज नियमित बाहेर पडत नाही. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका कसोटीप्रमाणे २२.५ टक्के, तर दुसऱ्या कडक कसोटीप्रमाणे १०.७ टक्के मुलींत हा विकार दिसला. म्हणजे कडक कसोटी धरली तरी दहा मुलींत एक.

मानेचा काळा पट्टा ही मळाची खूण नव्हे. इन्सुलिनचा परिणाम शरीरावर नीट होत नसल्याचे ते बहुधा चिन्ह असते व पुढे मधुमेहाचा धोका असतो. अशा मुलीला 'मान घासून धू' म्हणून रागावणारे आई-वडील आपण पाहतो. तिची साखर तपासणे हा खरा उपाय आहे. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के उतरले तरी पाळी सुधारण्यास बरीच मदत होते. चेहऱ्यावरील केसांमुळे मुली फोटो काढायचे टाळतात, कॉलेजला जाईनाशा होतात. लग्नाच्या बाजारात हा दोष मानला जातो म्हणून घरचे लोक लपवतात आणि उपचाराची वर्षे वाया जातात.

थायरॉईडची लक्षणे

अवटू ग्रंथी मंदावली तर वजन वाढते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, आवाज जड होतो, झोप व आळस वाढतो आणि पाळीला जास्त रक्त जाते. ग्रंथी जास्त काम करू लागली तर उलट घडते : भूक असून वजन घटते, हात कापतात, छाती धडधडते, घाम येतो, उष्णता सोसत नाही. गळ्यासमोर गाठ दिसल्यास दुर्लक्ष करू नये. रक्तातील टीएसएच ही एक तपासणी केल्यास बहुतेक उलगडा होतो. गोळी सुरू झाल्यावर बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. गर्भारपणात तर मुळीच नाही, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते.

याखेरीज बाळ अंगावर पीत नसताना स्तनातून दूध येणे, त्यासोबत डोके दुखणे किंवा नजर अधू होणे, हे पीयूषिका ग्रंथीच्या बिघाडाचे चिन्ह असू शकते. अशा वेळी थांबू नये.

चाळिशीनंतर

भारतीय स्त्रीची पाळी साधारण ४६-४७ वर्षांच्या सुमारास थांबते. त्याआधी काही वर्षे पाळी मागे-पुढे होते, अंगातून वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप लागत नाही, मन उदास होते. यात वेड नाही आणि नाटकही नाही. घरच्या माणसांनी समजून घेतले तर अर्धा त्रास हलका होतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली तर तपासावे. आणि पाळी थांबून एक वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले तरी ताबडतोब दाखवावे, कारण ते कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते.

प्रत्येक थकवा संप्रेरकांचा नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून थकवा, धाप, केस गळणे यांत आधी हिमोग्लोबिन पाहावे. क्षयरोग, मधुमेह, उपासमार व मनावरील ताण यांनीही पाळी बिघडते.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली होती. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळला. त्यातील जवळजवळ निम्मा भाग जंतुसंसर्गाचा होता. पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. स्त्री बोलत नाही याचा अर्थ तिला दुखत नाही असा होत नाही, हे या आकड्यांनी जगाला दाखवून दिले.

पिशवी काढण्याचा घाईचा उपाय

आमच्या कळस परिसराला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. इंदापूर-बारामती भाग हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा. गळीत हंगामात बीड व मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येथे येतात व फडाशेजारी कोप्या करून राहतात. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळ्या, न्हाणीघर नाही, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा स्थितीत पाळीचा त्रास म्हणजे मजुरीचे नुकसान. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक.

गर्भाशय काढणे काही आजारांत आवश्यकच असते. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव यांत ते जीव वाचवते. परंतु बीज बाहेर न पडल्यामुळे किंवा थायरॉईड मंदावल्यामुळे जास्त रक्त जात असेल, तर दोष पिशवीचा नसून निरोपाचा आहे. त्यावर आधी औषधे आहेत. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर तरुण वयातच इस्ट्रोजेन एकाएकी संपते. अंगाच्या वाफा, हाडांचा ठिसूळपणा व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे समतोल साधण्यासाठी गेलेली स्त्री कायमचा असमतोल घेऊन परतते. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने ठरविलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. कायदा आपले काम करील. पण शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न आपणच विचारले पाहिजेत :

– नेमका आजार कोणता? तो कोणत्या तपासणीत दिसला?
– हिमोग्लोबिन, टीएसएच, सोनोग्राफी झाली का?
– औषधाने किती महिने प्रयत्न करता येईल?
– बीजकोश ठेवणार की काढणार?
– दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका वेळ आहे का?

बँकेच्या खिडकीवर कर्जाचे कारण लिहिताना 'बायकोचे ऑपरेशन' हे शब्द आम्ही पुष्कळदा वाचले आहेत. या पाच प्रश्नांना पैसा लागत नाही, हे म्हणूनच आवर्जून सांगावेसे वाटते.

मनाने घेतल्या जाणाऱ्या गोळ्या

सण, लग्न, यात्रा आली की पाळी लांबविण्याच्या गोळ्या दुकानातून आणल्या जातात. या गोळ्या म्हणजे संप्रेरकेच आहेत. रक्ताची गाठ होण्याचा इतिहास किंवा यकृताचा आजार असणाऱ्या स्त्रीला त्या घातक ठरू शकतात. शिवाय पाळी अपवित्र मानून ती ढकलण्याची गरजच काय, याचा विचार विटाळ मोडून काढलेल्या समाजाने तरी करावा. तसेच 'अंग भरण्याच्या' नावाखाली मिळणाऱ्या काही पुड्या-गोळ्यांत स्टिरॉइड असते. त्याने चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे झिजतात. बराच काळ घेतल्यावर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावीत.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक घरात भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावर पाळी आल्याची व थांबल्याची तारीख खूण करून ठेवावी. सहा महिन्यांची ही नोंद डॉक्टरांसमोर ठेवली तर अर्धे निदान सोपे होते. जसे पासबुक पाहिल्यावाचून खात्याची स्थिती कळत नाही, तसेच हे आहे. सुरुवात आशाताई, परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. पुढील तपासणीसाठी इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय, तेथे २०१९ पासून सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय आहे.

विद्यार्थिनींनी आपल्या आईला हा लेख वाचून दाखवावा. विद्यार्थ्यांनीही तो वाचावा, कारण उद्या पत्नीला दवाखान्यात नेण्याचा किंवा न नेण्याचा निर्णय पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती असेल. सभासदांनी महिला मंडळाच्या एका बैठकीत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावून मोकळी प्रश्नोत्तरे ठेवावीत. ज्या दुखण्याचे नाव चारचौघांत घेता येते, त्याचा उपचार निम्मा सुरू झालेला असतो.